क्लचवरचा ठोकळा

अण्णा, तुमची गाडी सापडली. खडवलीला, ज्या म्हाताऱ्यांना तुम्ही ती विकलीत त्यांच्याच घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला आता पन्नाशीत वडिलांची गाडी शोधायची हौस आली, हे ऐकून तुम्ही आधी गालातल्या गालात हसला असतात. ते म्हातारेही आता नाहीत. त्यांची सून म्हणाली, "मामंजींनी एकासारखी एक अशा दोन गाड्या घेतलेल्या. तुमची कुठली ते तुम्हीच बघा." नंबरप्लेट एकीलाही नव्हती आणि गंजाने दोघींचा रंग एकच करून टाकलेला. मी मोठ्या जाणकाराच्या थाटात चासीचा नंबर बघायला वाकलो, तर तिथला पत्राच उरला नव्हता. मग दुसऱ्या गाडीचं दार ओढून उघडलं आणि खाली बघितलं. क्लचच्या पेडलवर दोन नटांनी आवळलेला लाकडी ठोकळा, त्यावर तुमच्या जुन्या चपलेचं रबर ठोकलेलं. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. त्या बाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला.

ठोकळ्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच तो केलात. डावा पाय लहानपणच्या पोलिओने आखूड, क्लचपर्यंत पोचायचा नाही. सीट पुढे ओढली तर उजवा गुडघा स्टिअरिंगला लागायचा. मग वागळे इस्टेटच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, शिसवीचा एक तुकडा तुम्ही आठवडाभर कानशीने घासत होतात असं आई सांगते. डबा तसाच परत यायचा म्हणून ती चिडायची. त्या गाडीने तुम्ही मला वर्तकनगरातून शाळेत सोडायचात. आणि मी तुम्हाला शाळेच्या अलीकडच्या वळणावरच थांबायला सांगायचो. "पुढे गर्दी असते, अण्णा." गर्दी कसली. गेटपाशी तुम्ही दप्तर काढून द्यायला उतरलात की मुलं तुमच्या चालण्याकडे बघायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही कधी कारण विचारलं नाहीत. नंतर नंतर तर मी सांगायच्या आधीच गाडी वळणावर थांबायला लागली.

एकोणिसाव्या वर्षी मी गाडी शिकलो. माझे पाय चांगले लांब, त्या ठोकळ्याने माझा गुडघा वर यायचा. एका रविवारी पाना घेतला, ठोकळा काढून डिकीत टाकला, मित्रांना खाडीपर्यंत फिरवून आणलं आणि परत बसवायचा विसरलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाय ताणून कशीबशी गाडी काढलीत, पण कारखान्याच्या वळणावर पाय क्लचला पुरला नाही आणि गाडी पुढच्या टेम्पोवर आदळली. तुमच्या कपाळाला तीन टाके. संध्याकाळी तुम्ही दारात उभे आहात, पट्टी बांधलेली, आवाज जराही चढलेला नाही. "मागितलं असतंस तर मीच काढून दिला असता, आणि नंतर बसवलाही असता. गाडी चालव, ना नाही. पण ती माझ्या पायाच्या मापाची आहे, एवढं लक्षात ठेव." मग तुम्ही जेवायलाही न बसता पाना घेऊन खाली गेलात. मी गॅलरीतून बघतोय, तुमचे दोन पाय गाडीच्या दाराबाहेर, एक लांब, एक आखूड. मी मदतीला उतरलो नाही. लाज वाटत होती, पण या वेळी माझी.

खडवलीहून विकत आणलेली गाडी आठ महिने डोंबिवलीच्या एका मिस्त्रीकडे होती. मी दर शनिवारी जायचो. घड्याळाची काच कुठून, दाराची कडी कुठून, सगळं शोधून आणलं. ठाण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांच्या पत्रकात लिहिलं होतं, गाडी कंपनीतून निघाली तशीच हवी, नंतर जोडलेल्या प्रत्येक गोष्टीचे गुण कापले जातील. आपल्या गाडीचा दुसरा नंबर आला. परीक्षक म्हणाले, हिच्यात मालकाने काही ढवळाढवळ केलेली दिसत नाही. मी हसून त्यांचे आभार मानले.

मग आईला फिरवायला नेलं. ती नेहमीच्या जागी बसली, डॅशवरून हात फिरवला, आणि माझ्या पायांकडे बघत राहिली.

"ह्यांचा ठोकळा कुठाय रे?"

"मिस्त्रीने फेकला. मला विचारलंच नाही त्याने."

तिने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, "जाऊ दे. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक."

अण्णा, त्याने विचारलं होतं. फोन केला होता. "साहेब, क्लचवर कोणीतरी लाकूड मारलंय. ठेवू का काढू?" मी मीटिंगमध्ये होतो असं लिहिणार होतो, पण नव्हतो. जेवण झालं होतं, निवांत बसलो होतो. ज्याच्यामुळे गाडी ओळखली ते हेच लाकूड, हे मला पक्कं आठवत होतं. तरी म्हटलं, "काढून टाक." त्याने परत विचारलं, "फेकू ना साहेब?" तेव्हाही मी हो म्हटलं. शनिवारी धावत गेलो, तर भंगारवाला येऊन गेला होता.

आता गाडी कोणाच्याही पायाला पुरते. चालवताना माझा गुडघा कुठे वर येत नाही, आणि मला ती चालवावीशी वाटत नाही. आई रोज विचारते, आज नाही का काढायची. मी पेट्रोल, ट्रॅफिक, काहीतरी सांगतो. तिच्या लेखी चूक अजून त्या मिस्त्रीचीच आहे, आणि तिने त्याला माफही केलंय. हे पत्र घरात ठेवायची माझी हिंमत नाही. तिला अजून चष्म्याशिवाय वाचता येतं.