हॅज गॉन, हॅज बीन

३ जून

इंग्रजीचे नवे शब्द दहा. पाठ झाले सात.

सासूबाईंनी विचारलं, "फोन आला होता का त्याचा?" म्हटलं, आला होता, कामात आहेत. फेब्रुवारीपासून हेच सांगतेय — कंपनीनं नवऱ्याला दुसऱ्या शहरात पाठवलंय. तो दुसऱ्या बाईबरोबर राहतो, हे कुणालाच सांगितलेलं नाही. घरात आम्ही दोघीच.

५ जून

वाक्प्रचार. 'अंडर द वेदर' म्हणजे बरं नसणं. वॉर्डात वापरून पाहिला. चार नंबरच्या खाटेवरचे मास्तर खिडकीबाहेर बघून म्हणाले, "छे, आज काही पडत नाही पाऊस." बाकीच्या सिस्टर हसल्या. मीही हसले असेन.

९ जून

क्लासच्या मॅडमनी प्रत्येकीला एक वाक्य करायला सांगितलं. मी म्हटलं, "माय हजबंड हॅज बीन टू अनदर सिटी."

"परत आलेत का?"

"नाही."

"मग हॅज गॉन. जाऊन परत आला तर हॅज बीन."

वहीत खोडून नीट लिहिलं. काही वाटलं नाही. अक्षर मात्र चांगलं आलं.

१० जून

डबल ड्युटी. एकही शब्द नाही.

१४ जून

सासूबाई माझी स्पेलिंगं घेतात. इंग्रजी येत नाही, पण अक्षरं ओळखतात. बोट ठेवून एकेक तपासतात. चुकलं की "पुन्हा म्हण". परीक्षा बढतीसाठी आहे, असं सांगून ठेवलंय. पास झाले तर परदेशातलं हॉस्पिटल घेणार आहे मला. सासूबाईंचं काय, ते ठरवलेलं नाही. विचार करायला बसते आणि भिंतीकडे बघत राहते.

२२ जून

तोंडी परीक्षा. परीक्षक वयस्कर बाई, पुढ्यात पाण्याचा ग्लास. म्हणाल्या, घरच्यांबद्दल सांगा. पाठ केलेलं तयार होतं. तोंडातून आलं भलतंच — नवरा मला सोडून गेलाय, फेब्रुवारीपासून दुसऱ्या बाईबरोबर राहतोय, आणि मी त्याच्या आईशी रोज खोटं बोलते. सगळं इंग्रजीत, न अडखळता. 'सिन्स'सुद्धा बरोबर पडलं.

त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. "टेक युवर टाइम," म्हणाल्या. मला वेळ नको होता. माझं सांगून झालं होतं.

निकाल दोन आठवड्यांनी.

२३ जून

सकाळी भाजी निवडताना सासूबाईंना सांगायला बसले. मराठीत अर्ध्या वाक्यातच अडकले. उरलेलं त्यांनीच पूर्ण केलं — ती बाई कोण, कुठे राहते, सगळं. जायच्या आदल्या दिवशी तो त्यांना सांगूनच गेला होता!

"मला ठाऊक आहे हे तुला कळू नये, म्हणून रोज फोनचं विचारायचे. एकदा आपण दोघी हे उघड बोललो की तू घर सोडून जाशील, असं वाटायचं."

खूप वेळ दोघी भाजी निवडत राहिलो. मग मी परदेशातल्या नोकरीचं सांगितलं, आणि विचारलं, "याल का माझ्याबरोबर?"