कोरड्या बर्फाची चोरी

ती. उत्तमसिंगभाऊंना देवसिंगचा जय सेवालाल. इकडे सर्व ठीक. तुमच्या बहिणीचा, लालीबाईचा, गुडघा दुखतो, तोंड ठणठणीत आहे. तुमची तब्येत फोनवरच विचारणार होतो, पण तुम्ही फोन उचलत नाही (नेटवर्क नसेल, असं मी लालीबाईला सांगतो), म्हणून हे पत्र.

तर तुमच्या भाचीने तांड्याचं नाव काढलं. ममताने कॉलेजच्या प्रदर्शनासाठी धूमकेतू करायला घेतला आणि यवतमाळच्या आइस्क्रीमवाल्याकडून कोरडा बर्फ आणला. थर्माकोलच्या डब्यातच राहू द्या, असं बजावून ती झोपली. पण घरात पाहुणा होता (आणि आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांचा माल वाहिला, माल उघडा ठेवणं आपल्या रक्तात नाही). मी एक ढेकूळ सोडून सगळा बर्फ लोखंडी पेटीत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली. सकाळी ममता कॉलेजला गेल्यावर पाहतो तर पेटी रिकामी, आणि आत ओलसुद्धा नाही. बर्फ वितळला असता तर पाणी दिसलं असतं, म्हणजे चोरीच. पाहुणा त्याच पेटीला टेकून झोपला होता आणि पहाटेच्या जीपने आर्णीला निघून गेला होता (नाव लिहीत नाही). मी रीतीप्रमाणे तांड्याच्या नायकाकडे बैठक बोलावली. नायकानेही हेच विचारलं, "बरफ वितळला तं पाणी कुठं हाय?" निकाल लागायला वेळ लागला नाही.

संध्याकाळी ममता आली तेव्हा तांडा जेवून हात धूत होता. सगळं ऐकून तिने डब्यातलं उरलेलं ढेकूळ नायकासमोर दगडावर ठेवलं. धूर निघत राहिला, ढेकूळ झिजत संपलं, खाली पाणी नाही. ती म्हणाली, "नायकबाबा, ह्याचं पाणी होतच नाई, सरळ वायू होते. धूमकेतू सूर्याजवळ आला का त्याच्यावरचा बरफ असाच उडते. तिथं हवेचा दाब नाई, म्हणून साध्या बरफाचंही पाणी होत नाई. उडताना धूळ सोबत नेते, तेच त्याचं शेपूट." नायकाने दगड चाचपला आणि म्हणाला, "पोरीनं आपल्याले शिकवलं." भाऊ, माझ्या डोळ्यांत पाणी आलं (ते काही वायू झालं नाही). पुढे दुसरा बर्फ आणून तिने धूमकेतू केला, पहिला नंबर आला. रविवारी बक्षीस आहे.

तुमचा,
देवसिंग

ता. क. तो पाहुणा तुम्हीच, हे तुम्हाला कळलंच आहे. नायकाने तुम्हाला निर्दोष ठरवलं. मामा आल्याशिवाय बक्षीस घ्यायला जाणार नाही, असं ममता म्हणते. या. सगळ्यांसमोर पाया पडतो.

ता. क. २. आमच्याकडे चरायला ठेवलेला तुमचा बोकड न्यायला गाडी आणू नका. दंड म्हणून बैठकीने तो त्याच दुपारी कापला. निकाल नंतर फिरवता आला, बोकड नाही. तुमच्या वाट्याचं मटण लालीबाईने काढून ठेवलं होतं, पण तुम्ही फोन उचलला नाही.