रुसलेलं बटण आणि रुसलेला मामा

ती. मामास,

भाचीचा वाकून नमस्कार (खुर्चीतूनच, कंबर धरलीय). तुझा गुडघा कसा आहे? हे मी विचारतेय, आई नाही. वर्षापूर्वी तू दुरुस्त केलेला मिक्सर पेटला, आई तुला नको नको ते बोलली आणि तू तडक निघून गेलास, तेव्हापासून ती तुझं नावही काढत नाही. मला मात्र तुझ्यावाचून करमत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात ऑफिसात माझी चांगलीच फजिती झाली. आमच्या वेबसाइटसाठी रजा मागायचं बटण मी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलं. अट साधी: रजा शिल्लक असेल तर दिसायचं, नसेल तर लपायचं. मोठ्या तोऱ्यात साहेबांना दाखवायला बसले. रजा शून्य केली, बटण गुल! साहेब खूश. मग दहा रजा टाकल्या, तर पठ्ठ्या परत यायचं नाव घेईना. वीस टाकल्या, पन्नास टाकल्या (एवढ्या साहेबांनाही नाहीत), तरी ढिम्म! साहेब म्हणाले, "लोकांना कायमचं कामाला जुंपायची युक्ती बरी आहे." सगळे फिदीफिदी हसले आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी (चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्यांतल्या आहेत, पण दुसऱ्याची चूक बरोबर सापडते) घोळ पकडला. रजा आहे का हे बघायचं काम मी पान पडद्यावर उमटायच्या वेळी ठेवलं होतं, आणि त्या वेळी लपलेल्या बटणांना कुणी हाकच मारत नाही. एकदा लपलं की, बाबा रे, आता येतोस का बाहेर, असं त्याला पुन्हा कुणी विचारतच नाही! बिचारं आत बसून राहतं. मग ते काम मी आधीच्या टप्प्यात नेलं, तिथं लपलेल्यांनाही विचारतात, आणि बटण टुणकन बाहेर आलं.

मी खूप हसले रे, आणि मग तुझी आठवण येऊन रडूच फुटलं. वर्षभरात तुला आमच्यापैकी एकानंही पुन्हा विचारलं नाही. मीसुद्धा नाही. म्हणून आता विचारते: रविवारी जेवायला येतोस का?

तुझी लाडकी (दुसरी नसल्यामुळे) भाची

ता. क. : आईला या पत्राचा पत्ता नाही.

ता. क. २ : लागला. मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, त्याला बोलावलंय कुणी?

ता. क. ३ : रविवार फार लांब आहे, शनिवारीच ये असं लिही म्हणाली. तिचं नाव मात्र घालायचं नाही, हेही बजावलंय.