सतरा वर्षांची तीच गाणी

प्रिय बाबा,

उद्या सकाळी मी कांताकाकूंकडे जाणार आहे. त्यांना जे सांगायचं आहे ते आधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

आपण घरासाठी साठवणपेटी, म्हणजे हार्ड डिस्क बसवायची पेटी, निवडत होतो, आठवतं? आसगावच्या आपल्या भजन मंडळाचे तुम्ही काढलेले व्हिडिओ तीन जुन्या हार्ड डिस्कवर विखुरले होते. ते एका जागी आणायचे, पेटी वायफायला जोडायची, आणि टीव्हीवर हवं ते लावायचं. मी सहा मॉडेलांचा तक्ता केला: प्रोसेसर, डिस्कचे कप्पे, पंख्याचा आवाज, वीज गेल्यावर काय होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "यात मायं सगळं मावन ना?"

"अनावश्यक फाइल्स काढल्या तर दोन कप्प्यांची पुरेल."

"बाई, तू घरी बोलून राहिली का बातम्या सांगून राहिली?"

माझ्या पुस्तकी भाषेवर आई हसली. मी हसले नाही.

तुम्ही चार कप्प्यांच्या पेटीवर बोट ठेवलं होतं. मी दोन कप्प्यांची घेतली. दोन्ही डिस्कवर तेच राहतं, एक बिघडली तरी दुसरी असते. सुरक्षित, पण जागा निम्मी. मग मी छाटायला बसले. बुद्धपौर्णिमेला मंडळ दरवर्षी तीच गाणी म्हणायचं, आणि तुम्ही दरवर्षी अख्खा कार्यक्रम चित्रित केला होता. सतरा वर्षं!

"तीच गाणी सतरा वेळा कशाला, बाबा?"

"बाई, त्याच्यात..."

"सगळ्यात स्पष्ट आहे ते ठेवते." मी स्क्रीनवरून मानही वर केली नाही. तुम्ही काय सांगणार होतात?

सगळ्यात स्पष्ट म्हणजे शेवटचं, नव्या कॅमेऱ्याचं. बाकीची सोळा वर्षं मी पुसली. जुन्या डिस्क फॉरमॅट केल्या आणि माझ्या कामासाठी नागपूरला नेल्या. पुसलेलं दोन्ही डिस्कवरून एकदमच जातं, हे मला माहीत होतं. माझं कामच ते आहे.

त्या डिस्कची पिशवी तुम्हीच बसस्टँडपर्यंत आणून दिलीत.

परवा, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला, कांताकाकू आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "शिलू, पेटी दुरुस्त झाली का वं?"

"कोणती पेटी?"

"टीव्हीची. तुये बाबा मले दर बुद्धपौर्णिमेले आमच्या ह्यायचे व्हिडिओ दाखवत. मागच्या रांगेत खंजिरी वाजवतात ना! दोन सालं झाली, म्हणत, वहिनी, पेटी बिघडली, पोरगी आली का दुरुस्त करते. तू तं येते न् दुसऱ्याच दिवशी जाते. आता लाव ना."

काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी ठेवलेल्या व्हिडिओत ते नाहीत. कसे असतील?

पेटी ठणठणीत आहे, बाबा. तुम्ही काहून खोटं बोललात? इंजिनिअर पोरीची चूक गावाला कळू नये म्हणून? दोन वर्षं फोनवर "कधी येते?" विचारत राहिलात, आणि मी आले की विषयही काढायचा नाहीत. एकदा रागावला असतात तर!

आणि मी काय केलं? "हो काकू, अजून बिघडलेलीच आहे," म्हणाले. तुमचं खोटं माझ्यासाठी होतं. माझंही माझ्यासाठीच.

जुन्या डिस्क मी पुन्हा पुन्हा भरल्या आहेत. त्यांतून काही परत मिळत नाही, तेही तपासलं. पण सुरुवातीची काही वर्षं तुम्ही पवनीहून सीडी करून आणायचात आणि मंडळात वाटायचात. कुणाच्या तरी पेटाऱ्यात एखादी असेल का?

उद्या काकूंच्या ओट्यावर बसून, आपल्या बोलीत सांगेन: पेटी कधीच बिघडली नव्हती, मीच पुसलं. मग मंडळातलं एकेक घर विचारत जाईन. जे मिळेल ते, कितीही अंधुक असो, ठेवेन. मागच्या रांगेत कोण कोण आहे ते आधी विचारून घेईन. आणि काहीच मिळालं नाही, तरी काकूंना पुन्हा "बिघडली आहे" म्हणणार नाही.

तुमची,
शिलू