तुरटी झोंबते तिथे

अण्णा,

काल दुकानात मी एका माणसाला कापलं. हनुवटीच्या खाली, गळ्याची कातडी सैल असते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढं. असं कधीतरी सगळ्यांच्याच हातून होतं, तुमच्याही व्हायचं. पण काल दुपारपासून मी दुकानाचं शटर ओढून बसले आहे. हात घसरला की मी तो घसरू दिला, हे मला ठरवता येत नाही. नुसत्या जखमेकडे बघून ते सांगू शकणारा एकच माणूस मला माहीत होता, आणि तो जाऊन सहा वर्षं झाली.

माणूस तुमच्याच वेळचा. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दर मंगळवारी पंचवटीत येऊन आपल्याकडे दाढी करणारा. खुर्चीत मान मागे टाकून, तोंडाला फेस असताना त्याची बडबड चालू होती. "ताई, राग मानू नका, तुमचा हात बरा आहे, पण तुमच्या वडिलांचा हात म्हणजे लोणी हो! आणि स्वभाव! इतकी वर्षं आलो, कधी आवाज चढलेला ऐकला नाही. देवमाणूस." मी म्हटलं, "काका, बोलू नका, वस्तरा गळ्यावर आहे." तो हसला. "बघा, ते असं दटावायचेसुद्धा नाहीत." त्यानंतर ते रक्त आलं.

तुमचा आवाज दुकानात चढायचा नाही हे खरं आहे. तो घरी आणण्यासाठी तुम्ही राखून ठेवायचात. मी लहान असताना तुम्ही सकाळी रामकुंडावर बसायचात, दहाव्याला आलेल्या माणसांची डोकी भादरायला. सुतकातलं डोकं, त्यावर रक्त येऊ द्यायचं नाही, हा तुमचा नेम होता. पण आदल्या दिवशीची दारू अंगात असली की हात थरथरायचा. मग तिथे कुणीतरी शिव्या घालायचा, एकदा एका मुलाने बापाचे विधी सोडून तुमच्या कानाखाली वाजवली होती. मी दुसरीत होते. तुम्ही घरी येता, पेटी मोरीपाशी ठेवता, मी ती उघडते. तुरटीची वडी ओलीच असते. तिच्या चिरांमध्ये गुलाबी दिसलं की आज कुणालातरी लागलं, आणि आता आईला लागणार. पांढरी असली की आम्ही जेवतो. म्हणून मी ती वडी धुवायला लागले. तुम्ही कपडे बदलताय तेवढ्यात नखाने चिरा खरवडून, पाण्याखाली धरून. वडी पांढरी झाली की तुम्ही काही करणार नाही असं मला खरंच वाटायचं. ज्या दिवशी तुम्ही आईचं डोकं चुलीशेजारच्या कट्ट्यावर दोनदा आपटलंत, त्या दिवसानंतर कितीतरी महिने मी हेच म्हणत राहिले की माझ्याकडून एक चीर धुवायची राहिली असणार.

शिकवलंत मात्र तुम्हीच, आणि उत्तम शिकवलंत. दहावीची परीक्षा झाल्यावर मला दुकानात उभं केलंत, पहिल्यांदा फुग्याला फेस लावून, मग तुमच्या स्वतःच्या गालावर. फुगा फुटला की धार लावायच्या चामड्याच्या पट्ट्याचा एक फटका बोटांवर. तुमचा गाल कापला की दोन. "रडतेस काय गधडे? रडणारा हात मला नको." दाढी झाली की थंड पाणी, मग ओली तुरटी सगळ्या चेहऱ्यावरून फिरवायची, मिनिटभर ठेवायची, परत धुवायचं. "आणि तुरटी लावताना वडीकडे बघू नकोस, गिऱ्हाइकाकडे बघ. जिथं आक्रसला, तिथं तू चुकलीस. रक्त नसेल दिसत तरी चुकलीस." ते वाक्य मी आजही पाळते. पट्टा मी गोदावरीत टाकला.

मग तुमची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई भरवायची, दाढी माझ्याकडे आली. डावा हात तेवढा राहिला होता, त्यात जोर होता. एका सकाळी चहा गरम लागला म्हणून तुम्ही पितळी फुलपात्र आईच्या तोंडावर मारलंत. भुवई फाटली. ती डोळ्यात उतरलेलं रक्त पदराने टिपत तुमचं उष्टं पुसत होती, आणि मी फेस करत होते.

त्या दिवशी मी हात घसरू दिला नाही. मी कापलं. कोरड्या गालावर नुसता फेस दाखवण्यापुरता लावला, वस्तरा केसांच्या उलट्या दिशेने चालवला, गालावर दोनदा, ओठाखाली एकदा. तिसऱ्या वेळी तुम्ही माझं मनगट पकडलंत. मी गुडघा तुमच्या दंडावर दाबला, जबडा मुठीत धरला आणि तुरटी त्या जखमांवर दाबून घासली. तुमच्या घशातून आवाज येत होता, बांधलेल्या जनावरासारखा. आई दारात आली. मला वाटलं ती ओरडेल. तिने माझ्या हातातली वडी घेतली, पाण्यात बुडवली, परत दिली. "कोरडी फिरवू नकोस," ती म्हणाली, "नीट लाव." आणि भुवईवर हळद दाबत आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी तुम्हाला एकदाही कापलं नाही. तुम्ही आठ महिने जगलात, तुमच्या गालावर ओरखडा नव्हता. दरवर्षी श्राद्धाला आत्या सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरून हात फिरवते. "भावाची सेवा केली ती ह्या पोरीने. रोज दाढी, रोज! माणूस गेला तेव्हा चेहरा कसा गुळगुळीत होता." आई वाढता वाढता म्हणते, "हो ना." मी मान खाली घालते, आणि लोक त्याला विनय समजतात.

मी फार जपून काम करते, अण्णा. प्रत्येकाला नवीन ब्लेड, तुरटीचा वेगळा तुकडा, वापरला की टाकून देते. हात दोनदा धुते. संध्याकाळी दुकान बंद केलं की कुणाला कुठे लागलं असेल का, हे मी बसस्टॉपपर्यंत मनात घोळवत जाते. शेजारच्या बायका म्हणतात, एवढी काळजी कशाला करतेस. त्यांना वाटतं मला दुसऱ्यांची भीती वाटते.

हे पत्र लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की कालचं तुम्हाला विचारायचं. आता विचारायची गरज नाही, आणि हे कुठे टाकायचंही नाही. त्या आठ महिन्यांत मी तुम्हाला कापलं नाही, पण रोज दाढी झाल्यावर ओली तुरटी गालाजवळ नेऊन मी क्षणभर थांबायचे. तुमचे डोळे मिटायचे, खांदे कानापर्यंत वर यायचे. ते बघून झालं की मग लावायचे, अगदी हलक्या हाताने. काल तो माणूस "देवमाणूस" म्हणाला, रक्त आलं, मी तुरटी ओली केली. आणि लावण्याआधी थांबले.