ट्रॅकवर मी एकटी नाही

तीर्थरूप बाबा,

तुमच्या धाकटीचा साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे. जेवण पोटभर मिळतं, खोलीत छान ऊन येतं. आईचा गुडघा आता कसा आहे?

तुम्ही फोनवर म्हणालात, "दिवसाला पाचच फेऱ्या? हा कसला सराव?" बाबा, तुम्ही पडलात रस्त्यावरचे सायकलपटू. सहा-सहा तास सायकल मारायची आणि दम टिकवायचा. इथे ट्रॅकवर सगळा खेळ दहा-बारा सेकंदांचा. सकाळी वजनं उचलायची, दुपारी जीव खाऊन एक फेरी मारायची, मग अर्धा तास नुसतं बसायचं, की पुन्हा एक फेरी. सायकलला ब्रेकच नाहीत. चाक फिरतंय तोवर पाय फिरवावेच लागतात.

सोमवारी ट्रॅकवर मी एकटीच होते. वळणावर मागून दुसऱ्या चाकाची घरघर आली. वळून पाहिलं, तर कुणी नाही. पण वेळ मोजायच्या यंत्रावर दोन नोंदी होत्या, एक माझी आणि अर्ध्या सेकंदानं आणखी एक. "यंत्र बिघडलंय," आमचे प्रशिक्षक सर म्हणाले. मंगळवारी नवं यंत्र लावलं. दोन नोंदींतलं अंतर निम्म्यावर आलं.

काळजी करू नका. घाबरून का होईना, माझी वेळ सुधारतेय.

आज ती दुसरी नोंद माझ्या आधी आली. सर यंत्रापाशी वाकले. मग हळूच म्हणाले, "उद्यापासून तिच्या मागे राहून चालव."

"कुणाच्या, सर?"

रिकाम्या वळणाकडे बघून सरांनी कुणाला तरी हात केला.

आईला यातलं काही सांगू नका.

तुमची लाडकी,
धाकटी