एक मत आणि अर्धं घर

मी, सौ. सुप्रभा शशिधर देवस्थळी, वय साठ पूर्ण, राहणार लेंटन, नॉटिंगहॅम, हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त, आज रविवारी सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाला विचारूनही नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. हृदय सोडून माझं बाकी सगळं शाबूत आहे. हृदयाचं ऑपरेशन येत्या सोमवारी, अठ्ठावीस तारखेला आहे. सर्जन म्हणतात की काळजीचं कारण नाही. सर्जन तसं सगळ्यांनाच म्हणतात, हे मी नोकरीभर ऐकत आले आहे.

यापूर्वी १९८५ साली केलेलं इंग्रजी मृत्युपत्र मी रद्द करते. ते माझे पती डॉ. शशिधर यांनी टाइप करून आणलं होतं आणि मी खुणेच्या जागी सही केली होती. आमच्या घरात सगळे फॉर्म हेच भरत आले. जनगणनेचा, टॅक्सचा, गॅसचा, मुलीच्या शाळेचा. चारचौघांत मी त्याचं कौतुक सांगत असे. आजचा कागद मराठीत लिहिण्याचं कारण एवढंच की इंग्रजी कागदावर हे नुसती नजर टाकतात. हा त्यांनी वाचावा अशी माझी इच्छा आहे. सॉलिसिटर याचं रीतसर भाषांतर करून घेतील. मधला माझा पाल्हाळ गाळू नका, असं त्यांना मी बजावलं आहे.

कलम पहिले. लेंटनचं घर आम्हा दोघांच्या नावावर निम्मं निम्मं आहे. माझा निम्मा हिस्सा माझी मुलगी मंजिरी हिला मिळावा. मात्र हे हयात असेपर्यंत याच घरात राहतील आणि त्यांना कोणीही इथून हलवू नये. चिडून मी त्यांना घराबाहेर काढलं असं कोणी म्हणायला नको. रागाची जागा वेगळी आहे, ती पुढे येईल.

कलम दुसरे. माझ्या पगारातून साठलेली बचत, पाटल्या आणि मोत्याच्या कुड्या मंजिरीला. मंजिरी ब्रिस्टलला विमानांच्या इंजिनांवर काम करते आणि आईच्या इंजिनाची चौकशी रोज फोनवरून करते. पैठणीही तिलाच. ती नेसणार नाही हे मला ठाऊक आहे, पण तिने तिच्या उशा शिवू नयेत.

कलम तिसरे. शेडमधली माझी बागेची हत्यारं, म्हणजे फावडं, खुरपी, कुंपण कापायची कात्री आणि पाण्याचा लांब पाइप, आमचे मित्र रवी प्रधान यांना. कात्री गेली चार वर्षं त्यांच्याकडेच आहे, तेव्हा त्यांनी ती ठेवून घ्यावी, एवढंच. शिवाय दिवाणखान्यातल्या घडीच्या खुर्च्याही त्यांनी न्याव्यात. त्यांतल्या एका खुर्चीवर बसून ते जे हसले होते, ते मला अजून ऐकू येतं.

कलम चौथे. माझ्यामागे हे सगळं अमलात आणणारा माणूस, ज्याला इथे एक्झिक्युटर म्हणतात, तो माझा नवरा असणार असं सगळे धरून चालले आहेत. हेही. तर मी स्पष्ट लिहिते की माझे पती डॉ. शशिधर देवस्थळी हे माझे एक्झिक्युटर असणार नाहीत. ते काम मी रवी प्रधान यांच्या पत्नी नंदा यांच्यावर सोपवते. याचं कारण सांगणं मला भाग आहे, नाहीतर लोक वाटेल ते बोलतील.

इथे आल्यापासून आमच्या घरी एक रीत आहे. देशाची निवडणूक लागली की आधीच्या एखाद्या रविवारी चार मराठी घरं आमच्याकडे जमतात. मी बटाटेवडे तळते. ज्याच्या हातात वडा, त्याने आपण कोणाला मत देणार आणि का, ते सांगायचं. वडा संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. रवीभावजी एक वडा पाऊण तास पुरवतात.

१९९२ च्या मार्चमध्ये अशीच बैठक झाली. रवीभावजी लिबरल. "दोन्ही मोठ्या पार्ट्यांना एकदा धडा शिकवायला हवा," असं ते दर वेळी म्हणतात, तसं म्हणाले. नंदा कट्टर कन्झर्व्हेटिव्ह. ती म्हणाली, "आधीच्या पंतप्रधान बाईंनी कौन्सिलचं भाड्याचं घर विकत घेऊ दिलं, म्हणून आज आम्ही स्वतःच्या छपराखाली आहोत. तुमच्या लेबरने जन्मभर भाडं भरायला लावलं असतं." मी लेबरची. मी म्हटलं, "आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच तो पोल टॅक्स कोणी लावला? हॉस्पिटलचा ट्रस्ट झाला की उद्या लॅबचं काम टेंडरवर जाईल. रक्त कोण स्वस्तात तपासतं ते बघत बसतील."

मग ह्यांनी वडा उचलला. हे तेव्हा जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर होते. त्यांच्या सर्जरीने, म्हणजे दवाखान्याने, आदल्या वर्षी सरकारची नवी योजना घेतली होती. त्या योजनेत डॉक्टरलाच बजेट मिळतं आणि तो आपल्या पेशंटसाठी ऑपरेशनं विकत घेतो. हे म्हणाले, "माझ्या पेशंटला गुडघ्याची डेट आता लवकर मिळते. That's a fact, सुप्रभा. लेबर आलं तर हे सगळं बंद करणार."

"आणि ज्याच्या डॉक्टरने योजना घेतली नाही, त्याच्या गुडघ्याचं काय?" मी विचारलं.

"माझा वडा संपला नाहीये," हे म्हणाले, आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले. नवरा-बायकोने वेगवेगळ्या पार्ट्यांना मत द्यावं आणि एकाच गाडीतून मत द्यायला जावं, याचा मला अभिमान होता. सांगलीला माझ्या आईने वडील सांगतील त्या चिन्हावर जन्मभर शिक्का मारला. मी तशी नव्हते.

त्याच आठवड्यात सांगलीहून फोन आला. आई पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. मी तिकीट काढलं. मतदानाच्या दिवशी मी इथे नसणार, म्हणून प्रॉक्सीचा फॉर्म हेच घेऊन आले. प्रॉक्सी म्हणजे तुमच्या वतीने, तुम्ही सांगाल त्याला मत देणारा माणूस. फॉर्मवर ह्यांनी स्वतःचंच नाव घातलं. दुसऱ्या कोणाचं घालावं हे माझ्या मनातही आलं नाही. नवरा असताना परक्याला कोण विचारतं?

एअरपोर्टवर मी म्हटलं, "अहो, माझं लेबर हं."

"तुझं मत तुझंच," हे म्हणाले. "मी फक्त पोस्टमन."

आई त्याच एप्रिलमध्ये गेली. मी तेराव्यानंतर परत आले. जेमतेम आठवड्याने प्रधान मंडळी भेटायला आली, जेवायला थांबली. वातावरण हलकं करावं म्हणून रवीभावजींनी आपला नेहमीचा विनोद केला. "तुम्ही दोघं दर वेळी एकमेकांची मतं खोडता. घरीच का नाही बसत?"

"या वेळी नाही खोडली," हे म्हणाले. "या वेळी घरातली दोन्ही मतं एकाच पार्टीला."

मला काय वाटलं ते लिहिते, कारण ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं, माझी आई गेली म्हणून ह्यांनी या खेपेला आपलंही मत माझ्या पार्टीला दिलं. माझे डोळे भरून आले. मी ह्यांच्याकडे बघून हसले. तेवढ्यात हे म्हणाले, "सरकार आमचंच आलं, रवी. सुप्रभाचं मतसुद्धा कन्झर्व्हेटिव्हलाच गेलं!" आणि रवीभावजी घडीच्या खुर्चीत मांडीवर थाप मारून खदाखदा हसले.

नंदा हसली नाही. तिने ताट बाजूला सारलं. "भावजी, मी तुमच्याच पार्टीची आहे," ती म्हणाली, "पण हे तुम्ही बरं नाही केलंत."

मंडळी गेल्यावर मी ह्यांना स्वयंपाकघरात विचारलं, "का केलंत?"

"अगं, प्रॅक्टिसचा प्रश्न होता. चार माणसांचे पगार आहेत माझ्यावर. तू तिथे आईच्या काळजीत, तुला इथलं काय चाललंय कळत नव्हतं. आणि नुकसान काय झालं सांग. इथून तर तुझाच माणूस निवडून आला!"

ते खरं होतं. देशात लेबर हरलं, पण आमच्या मतदारसंघात जिंकलं. माझ्या एका मताने इकडचं तिकडे झालं नाही. हे पुरावा असल्यासारखा त्याचा आधार घेत राहिले आणि अजून घेतात. मंजिरीनेही फोनवर तिच्या मोडक्या मराठीत तेच ऐकवलं. "आई, it was just one vote. बाबाला वाटला, तुझ्यासाठी चांगला होईल." मी तिला विचारलं, "मी तुला काहीही न विचारता तुझं घर विकलं आणि चांगली किंमत आणली, तर चालेल?"

मतदानाच्या वेळी मी तिथे नव्हते. मी आईच्या उशाशी बसले होते. त्या शाळेच्या हॉलमध्ये, त्या पडद्याआड माझ्या जागी माझा नवरा उभा होता, मला काय हवं ते त्याला पक्कं माहीत होतं, बघणारं कोणी नव्हतं, आणि त्याने पेन्सिलीची फुली दुसऱ्याच नावापुढे मारली. पार्टीचं मला काही नाही. नंदा त्याच पार्टीची आहे. ह्यांनी तोंडावर सांगितलं असतं की मला जमणार नाही, तर मी फॉर्मवर दुसऱ्याचं नाव घातलं असतं. मी फसवली गेले, माझ्याच घरात, आणि वर ते हसण्यावारी नेण्यात आलं.

आता वाचणाऱ्याने ठरवावं. मी सहा आठवडे सांगलीला असताना ज्या माणसाला माझं एक मत सांभाळता आलं नाही, त्याच्या हाती मी कायमची गेल्यावर माझा सगळा शब्द कसा ठेवू? माझ्या भल्याचं काय ते त्यांना तेव्हाही माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मेलेल्या बायकोपेक्षा तर आणखीच कळेल.

कलम पाचवे. अंत्यविधी इथल्या विद्युतदाहिनीत, फार मंत्र न म्हणता करावा. आत सोडण्याची कळ ह्यांनीच दाबावी. तो मान नवऱ्याचा आहे आणि तो मी काढून घेत नाही.

कलम सहावे. येत्या एक मे रोजी पुन्हा निवडणूक आहे. मी तेव्हा हॉस्पिटलात असेन किंवा कुठेच नसेन. असले तर माझं मत जावं म्हणून प्रॉक्सीचा फॉर्म मी या खेपेला स्वतः भरला आणि स्वतः पेटीत टाकला. त्यावर नाव नंदाचं आहे. मी विचारलं तेव्हा ती किंचाळलीच, "तुझ्या त्या लेबरला? माझ्या हाताने? शी!" मग नाक पुसून म्हणाली, "देईन. माझं मी माझ्या पार्टीला देईन आणि तुझं तुझ्या. दोन फुल्या, दोन ठिकाणी. आणि तू मरायची नाहीस, कळलं?"

हे ह्यांना कळलं ते काल. फार लागलं त्यांना. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "सुप्रभा, आमच्या पार्टीच्या सरकारला अठरा वर्षं झाली, आता मलासुद्धा बदल हवाय. या वेळी मी लेबरलाच देणार आहे. आपण दोघं एकाच बाजूला आहोत. मग आता मला देण्यात धोका काय?"

मी म्हटलं, "अहो, या वेळीही तुम्ही तुमचंच मत दोनदा देणार. फक्त या वेळी मला ते कधी कळणार नाही."

त्यांनी उठून खुर्ची परत जागेवर सरकवली. मग म्हणाले, "पाच वर्षं झाली गं. अजून माफ नाही केलंस?"

माफ मी केव्हाच केलं आहे. त्याशिवाय रोज सकाळी दोघांचा चहा केला नसता. हे मी त्यांना तोंडी सांगितलं आणि इथे लिहूनही ठेवते, म्हणजे माझ्यामागे त्यांना शंका राहायला नको. विश्वास मात्र परत आला नाही. मी वाट पाहिली. तो आणता येत नाही, यायचा असला तर आपला आपण येतो, आणि तो आला नाही.

त्या सोमवारी मला आत नेतील तेव्हा दारापर्यंत ह्यांचाच हात माझ्या हातात असावा. दुसऱ्या कोणाचाही मला नको आहे. पण माझं मत आणि हा कागद नंदाकडे राहील. माझा हात आणि माझा शब्द दोन्ही एकाच माणसाकडे देऊन जाता आले असते, तर मी आज कशालाच घाबरले नसते.

वरचा सगळा मजकूर माझ्या हाताने लिहिला, पुन्हा एकदा वाचला, आणि त्यातला एकही शब्द बदलावासा वाटला नाही, म्हणून खालील दोघांच्या समोर सही करते.

सही: सुप्रभा शशिधर देवस्थळी

आम्ही दोघं एकाच वेळी हजर असताना त्यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही ठेवलेलं नाही, आणि त्याबद्दल त्यांनी आमची माफी मागितली आहे.

साक्षीदार १: गिरीश वामन टिळेकर, शेजारी, लेंटन
साक्षीदार २: प्रमोदिनी गिरीश टिळेकर, वरीलप्रमाणे

स्थळ: नॉटिंगहॅम
दिनांक: २० एप्रिल १९९७